'आद'वर अडलेली ओळ

शनवार_तेली · रविवार, रात्री ९:५०

गेल्या आठवड्यात इथल्याच एका धाग्यावर कोणीतरी विचारलं होतं, "मुंबईत ज्यूंची सिनेगॉग आहेत म्हणे, तिथे नेमकं चालतं काय? पूजा असते का?" मी दोन ओळींत उत्तर दिलं आणि मग ते उत्तर मलाच खटकत राहिलं. म्हणून हा धागा. लांब आहे, आधीच सांगतो.

मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आडनाव '-कर'नं संपतं, घरात मराठी, मटण शिजलं की त्या जेवणात दूधदुभतं नाही, त्यामुळे नारळाशिवाय आमचं पान हलत नाही. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बाया वाचल्या, बाकीच्यांना तिथेच पुरलं, ही कथा आमच्यात पोरासोरांनाही ठाऊक असते. हे कधी घडलं यावर विद्वानांचं एकमत नाही. मी त्यात पडत नाही. वाचलेल्यांच्या वंशजांनी कोकणात गावोगाव तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनिवार तेली. माझा आयडी तिथूनच.

आता गंमत अशी, की ज्या गोष्टीबद्दल मी लिहायला बसलोय ती आमच्याकडे शेकडो वर्षं नव्हतीच. सिनेगॉग नाही, तोरेची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी नाही, हिब्रू वाचता येणारा कोणी नाही. होतं एवढंच: शनिवारचा विसावा, आठव्या दिवशी सुंता, पर आणि खवले असलेलीच मासळी, आणि 'शेमा इस्राएल' ही एक प्रार्थना. सुंतेला शेमा, लग्नात शेमा, मयताला शेमा. जी एक किल्ली उरली होती, ती सगळ्या कुलपांना लावायची.

सणही होते, पण मराठी नावांनी. नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण. आणि योम किप्पुर, म्हणजे आमचा सगळ्यात मोठा उपासाचा दिवस, त्याचं नाव होतं 'दारफाळणीचा सण'. त्या दिवशी पांढरे कपडे घालून, उपास धरून, दारं लावून माणसं घरात बसत. कोणाला शिवायचं नाही, कोणाशी बोलायचं नाही. आपापल्या घरात, आपापल्या देवापुढे.

१७९६ साली मुंबईत मांडवी भागात पहिलं सिनेगॉग उभं राहिलं. बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर, कंपनीच्या फौजेतले अधिकारी. टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले होते, जीव वाचला तर प्रार्थनाघर बांधीन असा नवस बोलले आणि सुटल्यावर तो फेडला. (टिपूच्या आईनं 'बेने इस्राएल' हे नाव ऐकून रदबदली केली, हा त्या कथेतला सगळ्यांचा आवडता भाग.) आमची जुनी माणसं सिनेगॉगला सरळ 'मशीद' म्हणत. १८४० मध्ये दुसरं झालं, तेव्हापासून पहिली 'जुनी मशीद' आणि दुसरी 'नवी मशीद'. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव आमच्या या जुन्या मशिदीवरून पडलं असं बहुतेक जण सांगतात.

पण मला नावांचीच एक गोष्ट नेहमी अडवते. जुन्या मशिदीचं खरं नाव 'शार हरहमीम', करुणेचं दार. नवी मशीद 'शार रासोन'. ठाण्यातलं १८७९चं सिनेगॉग 'शार हशामाईम', स्वर्गाचं दार. शार म्हणजे दार, वेस. जे लोक पिढ्यान्‌पिढ्या दार लावून किप्पुर पाळत होते, त्यांनी एकत्र बसायची जागा बांधली आणि तिला नाव दिलं दाराचं. ही नावं ज्यू जगात इतरत्रही आहेत, मुद्दाम कोणी विचार करून ठेवलं असेल असं मी म्हणत नाही. मला ते दिसतं, एवढंच.

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात वडील गेले. आमच्यात आईबापासाठी मुलगा अकरा महिने कद्दीश म्हणतो. अरामी भाषेतली छोटीशी प्रार्थना. तीत मरणाचा शब्दसुद्धा नाही, नुसतं देवाच्या नावाचं मोठेपण. पण अट एक: तेरा वर्षांवरचे दहा पुरुष हजर पाहिजेत. त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असले तर कद्दीश नाही. हेखालातून, म्हणजे सिनेगॉगमधल्या पवित्र कपाटातून, तोरा बाहेर काढून वाचायची, तीही नाही.

मी तोवर वर्षातून दोनदा जाणारा. किप्पुरला संध्याकाळी आणि सिमहाथ तोराला, म्हणजे तोरेच्या आनंदसणाला. देव मानतोस का विचारलंत तर सोमवारी एक उत्तर, शुक्रवारी दुसरं. आणि अचानक डोंबिवलीहून पहाटेची लोकल पकडून वडिलांच्या सिनेगॉगमध्ये जायला लागलो, सोमवार-गुरुवार-शनिवार. (शब्बाथला, म्हणजे शनिवारी, गाडीत बसायचं नसतं हे मला माहीत आहे. डोंबिवलीहून दक्षिण मुंबईला चालत जाता येत नाही हेही.)

आमच्यात माणसं बोटानं मोजत नाहीत, जुनी रीत आहे. स्तोत्रातली दहा शब्दांची एक ओळ म्हणत मोजतात, माणसामागे एक शब्द. होशीआ, एथ, अमेखा, ऊबारेख, एथ, नाहालाथेखा, ऊर्एम, वेनासेम, आद, हाओलाम. 'तुझ्या लोकांना तार, तुझ्या वतनाला आशीर्वाद दे, त्यांना सांभाळ, त्यांना उचलून धर, सदासर्वकाळ.' नऊ माणसं असली की ओळ 'आद'वर अडते. आद म्हणजे 'पर्यंत'. कशापर्यंत, ते दहावा आल्यावर.

त्या अकरा महिन्यांत ओळ कितीदा 'आद'वर अडली याचा हिशोब नाही. मग शमाश, म्हणजे सिनेगॉगचा सेवक, फोन लावायचा. भायखळ्याचे एक गृहस्थ टॅक्सी करून यायचे, कधी कधी चक्क झब्बा-पायजम्यावर, केस विस्कटलेले, टोपी खिशात. माझ्या वडिलांना ते ओळखतही नव्हते. बाकावर बसायचे, दम लागलेला असायचा, पण कद्दीशच्या मधे 'आमेन, येहे शमे रब्बा' असं ठणठणीत म्हणायचे की मागच्या कपाटाच्या काचा हलाव्यात. मग चहा पिऊन घरी.

मला एकदाही कोणी विचारलं नाही की तुझी श्रद्धा किती. "गुरुवारी आहेस ना?" एवढंच विचारायचे.

अकरा महिने संपले. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एकाची आई गेली. तेव्हापासून मी त्याच्यासाठी जातो. शेमा घरी म्हणता येतं, आमच्या लोकांनी म्हणूनच दाखवलं. कद्दीश घरी एकट्यानं म्हणता येत नाही. सिनेगॉगमध्ये काय चालतं याचं माझं उत्तर आता हे आहे.

---

मधुमालती · रविवार, रात्री १०:३५

फार आवडलं. एक शंका, राग मानू नका. दहा 'पुरुष' लिहिलंय. बायका मोजत नाहीत का? तुम्हाला बहीण असती तर तिनं काय करायचं?

---

तर्कट_तात्या · रविवार, रात्री ११:१०

लिहिलंय छान, पण मुद्दा पटला नाही. अध्यात्म ही एकट्याची गोष्ट. तुमच्या पूर्वजांनी शेकडो वर्षं एका प्रार्थनेवर निभावलं, तेच मला थोर वाटतं. नंतर जे आलं तो हजेरीपट. आमच्या हापिसात बायोमेट्रिक आहे, तिथे कोणाचं अध्यात्म वाढलेलं पाहिलं नाही.

---

कागदपत्रे · सोमवार, सकाळी ८:०५

धागा उत्तम. थोडी भर आणि एक बारीक दुरुस्ती.

दुरुस्ती: जुन्या मशिदीची स्थापना १७९६ची, पण आज जी इमारत दिसते ती मूळ जागेवरची नाही. १८६० मध्ये ती सध्याच्या जागी आली.

तात्यांच्या मुद्द्याबद्दल. 'सिनेगॉग' हा शब्द ग्रीक. हिब्रूत 'बेथ हक्नेसेत' म्हणतात, म्हणजे जमण्याचं घर. देवाचं घर नव्हे. देवाचं घर एकच होतं, जेरुसलेमचं मंदिर. इ.स. ७० मध्ये रोमनांनी ते पाडलं. यज्ञ, होम, पुरोहित सगळं थांबलं. यज्ञाच्या वेळा तेवढ्या राहिल्या आणि त्या वेळांना प्रार्थना लावल्या गेल्या. सिनेगॉग मंदिर पाडण्याच्या आधीपासून होती, पण यापुढे सगळा भार त्यांच्यावर आला. वेदी नाही, मूर्ती नाही, पुरोहितही लागत नाही. लागतात ती दहा माणसं, कुठलीही.

आणि 'कुठलीही' हे फार गमतीचं आहे. अब्राहाम सदोम शहर वाचवायला देवाशी घासाघीस करतो, पन्नास सज्जनांवरून उतरत उतरत दहावर येऊन थांबतो. पण तालमूद या जुन्या धर्मचर्चेच्या ग्रंथात दहाचा आकडा ज्या आधारावर काढलाय, तो बरोबर उलटा आहे. मोशे या संदेष्ट्यानं कनान देश पाहून यायला बारा हेर पाठवले, त्यातले दहा घाबरून खोटंनाटं सांगत परत आले आणि देवानं चिडून त्यांना 'दुष्ट मंडळी' म्हटलं. मंडळी म्हटलं ना? मग दहांची मंडळी होते! म्हणजे संतमहंत नकोत, दहा भित्रेही चालतात.

याचमुळे बेने इस्रायलांना हे जमलं. त्यांच्यात राब्बी, म्हणजे धर्मगुरू, कधीच नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेलोमो सालेम शुर्राबी कोचीनकडून आले. त्यांनी लोकांना प्रार्थना आणि तोरेचं वाचन शिकवलं. हिब्रू शिकवण्यात स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांचाही हात होता. १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू धर्मांतराचा, फळ भलतंच: लोक हिब्रू शिकले आणि आपल्याच प्रार्थना वाचायला लागले. पुढे जोसेफ एझेकिएल राजपूरकरांनी त्या मराठीत आणल्या. १८७४ मध्ये पुण्यात वल्हांडणाची, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या सणाची, पोथी हिब्रू-मराठी छापली गेली, तिच्यातल्या चित्रांत बायका नऊवारी नेसून बेखमीर भाकरी करताना दिसतात.

आणि १८८० पासून कीर्तनं! अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्यानं, चाली आपल्या.

---

शनवार_तेली · सोमवार, दुपारी १:२०

कागदपत्रे, दुरुस्ती मान्य. हेरांचं मला माहीत नव्हतं, आता आमच्या हझानला, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याला, छळतो.

मधुमालतीताई, राग कसला. बहीण आहे, आणि बाबांची लाडकी तीच. आमच्या सिनेगॉगमध्ये ती वर माडीवर बसते, दहांत मोजली जात नाही. कद्दीशला ती वरून 'आमेन' म्हणायची. शब्द माझ्या वाट्याला आले, आणि मला हिब्रू तिच्याइतकं वाचताही येत नाही. हे बरोबर नाही असं मला वाटतं. पण मुंबईत वेगळी वाटही निघाली होती आणि फार लवकर निघाली: १९२५ मध्ये डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकारानं ज्युइश रिलिजियस युनियन स्थापन झाली, तिचं सिनेगॉग 'रोदेफ शालोम'. झिराडबाई स्त्रीरोगतज्ज्ञ, १९६६च्या पद्मश्री. तिथे स्त्रीपुरुष एकत्र बसत आले. आमच्या वडीलधाऱ्यांनी तेव्हा नाकं मुरडली असणार, मुरडल्याशिवाय राहणारच नाहीत.

तात्या, बायोमेट्रिकवर दुसऱ्याचा अंगठा चालत नाही, एवढं साम्य आहे खरं.

---

अश्दोदची_मावशी · सोमवार, संध्याकाळी ६:४५

शनवारभाऊ, मी इस्रायलमधल्या अश्दोदहून लिहिते. मराठी टायपायला नातीनं शिकवलंय, चुका पोटात घाला.

माझं माहेर पनवेल. तिथलं 'बेथ एल' १८४९चं. लहानपणी माडीच्या कठड्याच्या फटीतून खाली बघायचो आम्ही मुली. खाली तेब्यावर, म्हणजे प्रार्थनेच्या चौथऱ्यावर, हझान, आणि आम्हाला कुणाच्या टोपीला किती तेल लागलंय ते दिसायचं! सिमहाथ तोराला तोरा घेऊन फेऱ्या घालायचे, वरून आम्ही मिठाई टाकायचो. किप्पुरच्या संध्याकाळी सगळे थकलेले, तोंड सुकलेलं, आणि शोफार, म्हणजे मेंढ्याचं शिंग, वाजला की एकमेकांचे हात हातात घ्यायचे आणि मग बोटं ओठांना लावायची. हाथबोशी म्हणायचो. वर्षभर ज्या काकूशी माझी आई बोलायची नाही, तिच्याशीही हाथबोशी व्हायची. दुसऱ्या दिवशी परत अबोला, ते वेगळं.

आम्ही १९६९ला इथे आलो. त्याच्या आधी आमच्या लोकांना इथे फार सोसावं लागलं. तुम्ही खरे ज्यू का, तुमची लग्नं लावायची का, असं धर्मपीठानं विचारलं. माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली. १९६४ साली सरकारनं जाहीर केलं, की हे सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत. माझे दीर त्या धरण्यात होते. ते म्हणायचे, आम्ही कोकणात शनिवारी घाणा बंद ठेवला, तेव्हा हे विचारायला कोणी नव्हतं.

तुम्ही दहांचं लिहिलंत. इथे दहांची ददात नाही, दर गल्लीत बेथ क्नेसेत. आमचे हे पहिली दोन वर्षं मोरोक्कोवाल्यांकडे जात. माणसं चांगली, चहात पुदिना घालून देत. पण एका शनिवारी घरी येऊन म्हणाले, "प्रार्थना झाली गं, पण मी तिथे नव्हतो." चाल वेगळी ना. शब्द तेच, पण आपली चाल कानात बसलेली. मग आपल्या सातआठ कुटुंबांनी इमारतीखालच्या मिकलातमध्ये, म्हणजे बॉम्बपासून लपायच्या तळघरात, स्वतःचं चालू केलं. वर्गणी काढून खुर्च्या आणल्या. पहिल्याच दिवशी वाद झाला, पनवेलची चाल की पेणची! तेव्हा मला कळलं की आता हे टिकणार.

---

आळीतला_शेजारी · सोमवार, रात्री ९:१५

मावशी, पेणची चाल! वाचून हसू आलं.

मी ज्यू नाही. अलिबागला इस्रायल आळीजवळ वाढलो. तिथलं 'मागेन अबोथ' सिनेगॉग १८४८चं, आताची इमारत १९१०ची. आम्हा पोरांना आत काय चालतं याच्याशी देणंघेणं नव्हतं, मलीद्याशी होतं. कुणाचं लग्न ठरलं, कुणाला नोकरी लागली, घर घेतलं, की एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे संदेष्टा एलियाचा, नवस फेडायचा. परातीत भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, बदाम-पिस्ते, आणि भोवती फळं मांडलेली. सगळे मिळून "एलियाहू हन्नाबी" म्हणायचे, ती चाल मला आजही येते. आम्ही त्याला प्रसाद म्हणायचो. शेजारची आजी दटावायची, "प्रसाद नव्हे रे, मलीदा." मग दोन मुठी जास्त द्यायची.

आता आळीत बरीच घरं बंद असतात. पण दर हिवाळ्यात खंडाळ्याच्या खडकावर (अलिबागजवळचं खंडाळे, घाटातलं नव्हे) गाड्या भरून लोक येतात. एलियाहू रथातून तिथे उतरला, चाकांच्या खुणा आहेत असं मानतात. इस्रायलहून आलेली माणसं त्या खडकावर हात ठेवून मराठीत रडतात.

---

अकरावा · सोमवार, रात्री ११:४०

नवा आयडी काढला खास या धाग्यासाठी. मी बेने इस्रायली, वय २६. काका, तुमचं सगळं खरं असेल, पण दुसरी बाजू कोणी तरी लिहायला हवी.

तेराव्या वर्षी माझा बार मिसवा, म्हणजे वयात आल्याचा धार्मिक विधी, झाला. तोरेतला उतारा देवनागरीत लिहून घेतला आणि पाठ म्हटला. सगळ्यांनी पाठ थोपटली. अर्थ मला आजही माहीत नाही. कागदपत्रे ज्या मराठी भाषांतरांबद्दल लिहितात, ती आमच्या कपाटात कुलपात आहेत, वाळवी लागेल म्हणून. आमच्याकडे विश्वस्तांच्या निवडणुका हिरिरीनं होतात. एका वर्षी तर दोन गट शब्बाथच्या दिवशीच तारस्वरात भांडले. किप्पुरला तोरेपुढे उभं राहायचा मान बोली लावून जातो. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो पन्नास वर्षं मागच्या बाकावर.

दहा कमी पडले की आमची आठवण येते. "अरे लवकर ये, एक कमी आहे." धावत जावं तर तोवर कोणीतरी पोचलेला असतो, आणि मग तुम्ही अकरावे. अकराव्याला कोणी काही विचारत नाही. म्हणून हा आयडी.

---

शनवार_तेली · मंगळवार, सकाळी ७:३०

अकरावा, रात्री वाचलं आणि झोप उडाली.

तू लिहिलंस त्यातलं काहीही मी खोडू शकत नाही. भांडणं आमच्याकडेही आहेत. पूर्वी प्रत्येक सिनेगॉगचा मुकादम, चौगुले, गबाई असे कारभारी असत आणि समाजातले तंटे तिथेच मिटवत. मिटवायची सवय गेली, तंट्यांची राहिली. बोलीचं म्हणशील तर त्याच पैशांतून दिवाबत्ती आणि शमाशचा पगार निघतो, हेही खरं. पण माझ्या वडिलांना कधी तो मान परवडला नाही, आणि ते चिडायचे नाहीत याचंच मला वाईट वाटायचं.

मराठीचं मात्र मनाला लागलं. गेल्या वर्षी मी हझानला म्हटलं, तोरा वाचायच्या आधी त्या आठवड्याच्या भागातलं पाच मिनिटं मराठीत सांगा. त्यांनी सांगितलं. पाच आठवडे चाललं. सहाव्या आठवड्यात कोणीतरी घड्याळ दाखवलं, बंद पडलं. मी पुन्हा विचारलं नाही. माझाच आळस, दुसऱ्या कोणाचा नाही.

तरी एक सांगतो. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात आपण अडीच हजारांच्या आत होतो. २०१६ मध्ये राज्य सरकारनं अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा बातमी वाचून माझी बायको म्हणाली, "एवढे कमी आहोत हे आता सरकारलाही कळलं." अशा आकड्यांत अकरावा म्हणजे, कोणाचा तरी गुडघा दुखला की दहावाच. तुझ्यासाठी नवीन शब्द ओळीत नाही, हे खरं. कोणत्या सिनेगॉगचा आहेस विचारत नाही. पण सलीहोथच्या महिन्यात, नव्या वर्षाआधीचा तो महिना, पहाटे अंधारात एकदा ये. तेव्हा सगळे अर्धवट झोपेत असतात, भांडायची ताकद कोणात नसते. फार बरं वाटतं.

---

मधुमालती · मंगळवार, सकाळी ११:००

आमच्या गावी काकडआरतीला अगदी असंच. पहाटे चारला टाळ हातात घेतलेले निम्मे लोक डुलक्या काढत असायचे. भजनी मंडळातही मृदंगवाला आला नाही की सगळं ठप्प, मग कोणीतरी सायकलवरून त्याच्या घरी.

---

तर्कट_तात्या · मंगळवार, दुपारी १२:४०

अजूनही मी आपला घरात बसून शेमा म्हणणाऱ्यांच्या बाजूचा. पण एक कबूल करतो. माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना. आम्ही चौघं भाऊ घाटावर उभे, ऊन चढलेलं, आणि शेजारच्या क्रियेला आलेली अनोळखी माणसं आमच्यासोबत थांबली. "शिवेल हो, थांबा" म्हणत. त्यांना काय पडलं होतं. पायजम्यावर येणारा तुमचा माणूस वाचून ते आठवलं.

यावर कोणी कोटी करू नये.

---

पुणेरी_पाटी · मंगळवार, दुपारी २:१५

अवांतर: आम्हा बाकीच्यांना ही सिनेगॉग आतून बघता येतात का? पुण्यात लाल देवळावरून रोज जाते, फाटकाच्या आत कधी गेले नाही.

---

शनवार_तेली · मंगळवार, दुपारी ३:५०

जाता येतं, पण उठून सरळ जाऊ नका. २००८च्या हल्ल्यानंतर दारात पोलीस असतात. आधी फोन करून विचारा, ओळखपत्र न्या, डोकं झाकायला रुमाल किंवा ओढणी ठेवा. शनिवारी आणि सणाला बघे म्हणून जाऊ नये, फोटो तर नाहीच.

लाल देऊळ म्हणजे 'ओहेल डेव्हिड', १८६७चं, डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं. त्यांची कबर आवारातच आहे. ते बगदादी ज्यूंचं, आमचं नव्हे. मुंबईत भायखळ्याचं 'मागेन डेव्हिड' आणि फोर्टातलं १८८४चं 'केनेसेथ एलियाहू' हीसुद्धा ससूनांचीच. ती दिसायला देखणी, म्हणून फोटो त्यांचे येतात. आमचं बेने इस्रायलांचं पुण्यात रास्ता पेठेत 'सुक्कथ शेलोमो', १९२१चं. बाहेरून कळणारही नाही. बगदादी मंडळी आणि आमचं पूर्वी फारसं जमत नसे, ते आम्हाला जरा खालचेच समजत. आता दोन्हीकडे माणसं इतकी कमी, की त्यांच्या दहांत आम्ही असतो.

---

आळीतला_शेजारी · मंगळवार, रात्री ८:३०

शनवारकाका, एक राहिलं. मलीद्याच्या परातीत ती आजी केळं नेहमी वेगळं ठेवायची, बाकी फळांशी मिसळू द्यायची नाही. का ते तेव्हा विचारायचं राहून गेलं. आणि खंडाळ्याला या वेळी मलाही यायचंय, तारीख कशी कळते?

---

अश्दोदची_मावशी · मंगळवार, रात्री ९:०५

केळं झाडाचं फळ नाही म्हणून! खोड दरवर्षी मरतं, म्हणून त्याला जमिनीच्या फळाची ब्राखा, आशीर्वाद, वेगळी. आंबा-सफरचंदाला झाडाची. आधी झाडाची म्हणायची, मग केळं. तुमची आजी पक्की होती.

---

शनवार_तेली · मंगळवार, रात्री १०:२०

तारखेचं सोपं आहे. तू बिश्वात म्हणजे शेवात महिन्याची पंधरावी, चांदणं पूर्ण. तुमच्या भिंतीवरच्या पंचांगात पौषाची नाहीतर माघाची पौर्णिमा बघा, दोन्हींपैकी एकीच्या आसपास एखादा दिवस इकडेतिकडे. नक्की दिवस मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. पोहे जाडे आणा, पातळ्यांचा लगदा होतो. आणि फोन शनिवारी करू नका, बंद असतो.

---

अकरावा · बुधवार, सकाळी ६:१०

काका, व्यनि मलाही करा. जाडे पोहे किती आणू?